बरगड्या दिसणारं पिल्लू आणि तीन तक्ते

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पशुवैद्यक म्हणून काम करतो. माझ्याकडे येणारी जनावरं मुख्यतः म्हशी, देवणी बैल आणि शेळ्या. पण गेल्या सहा-सात वर्षांत कुत्र्यांची संख्या खूप वाढलीय, आणि कुत्र्यासोबत मालकाच्या मोबाइलमधली माहितीही तपासणीच्या टेबलावर येते. त्या माहितीपायी एका पिल्लाला झालेला त्रास आणि तो निस्तरताना घेतलेले निर्णय इथे मांडतोय. काही निर्णय बरोबर ठरले, काही चुकले. मालकांच्या संमतीने लिहितोय; गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

घर शिक्षकाचं. सर, बाई, बारावीसाठी लातूरला राहणारा मुलगा आणि सरांचे वडील, ज्यांना सगळं घर आबा म्हणतं. आबांनी ऐन उमेदीत शेतावर कुत्री पाळली होती, पण मळ्यातलं घर सोडून गावात आल्यापासून दारात कुत्रं नव्हतं.

डिसेंबरात हे कुटुंब माळेगावच्या यात्रेला गेलं. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा. कुत्रं खंडोबाचं, म्हणून तिथे कुत्र्यांनाही मान आहे, आणि जनावरांच्या बाजारासोबत घोडे, कुत्रे, कोंबड्या यांचं प्रदर्शनही भरतं. तिथे मुलाने पहिल्यांदा पश्मी जातीचा कुत्रा पाहिला. अंगकाठी आमच्याकडच्या कारवान या पळणाऱ्या कुत्र्यासारखीच: लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट. फरक केसांचा. कानांवर, शेपटीवर आणि पायांच्या मागच्या बाजूला रेशमी झालर. पश्म म्हणजे फारसीत लोकर. पश्मिना शालीत तोच शब्द आहे. मुलगा तासभर त्या कुत्र्याजवळून हलला नाही, असं सर सांगतात.

दहा दिवसांत पिल्लू घरी आलं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून एका विक्रेत्याशी बोलणं झालं, हायवेवरच्या ढाब्यावर भेट ठरली, १२,००० रुपये देऊन पिल्लू घेतलं. आई पाहिली नाही, बापाचा तर प्रश्नच नव्हता. विक्रेता म्हणाला, "दोन महिने उलटलेत, तिसरा चालू आहे." लसीच्या कार्डावर एक स्टिकर होतं, तारीख नव्हती. पिल्लाचं नाव ठेवलं चंदर.

मुलगा अभ्यासू. चंदर आला त्याच रात्री त्याने वाचायला सुरुवात केली आणि तीन ठिकाणची माहिती वहीत उतरवली. हे तीन तक्ते पुढे महत्त्वाचे ठरले, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

पहिला 'कॅरव्हान हाउंड' या कारवानच्या इंग्रजी नावाने शोधल्यावर मिळाला. त्यात पहिल्या महिन्यापासून बाराव्या महिन्यापर्यंत दरमहा वजन होतं. पाचव्या महिन्यात नर १६ ते १८ किलो. दुसरा 'मुधोळ हाउंड' या त्याच जातीच्या दुसऱ्या नावाने मिळाला. त्यात फक्त मोठ्या कुत्र्याचं वजन होतं, आणि पहिल्या तक्त्यातल्या बाराव्या महिन्याच्या आकड्याहून ते बरंच कमी होतं. तिसरी माहिती गावच्या वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकातली. भारतीय कुत्र्यांना त्यात अर्धं पान दिलेलं. उंची होती, वजन नव्हतं, आणि 'सडपातळ, काटक, थोडक्या खाण्यावर राहणारा' असं एक वाक्य होतं.

घराने पहिला तक्ता धरला. कारण विचारलं तेव्हा मुलगा म्हणाला, "त्यात सगळं महिन्यामहिन्याला होतं ना." हे उत्तर मी विसरलेलो नाही. भरपूर आकडे, रकाने, किलोच्या पुढे दशांश असे मांडले की वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी काटा घेऊन बसलं असेल. अर्ध्या पानाचं पुस्तक त्यापुढे दुबळं वाटतं. प्रत्यक्षात त्या अर्ध्या पानातलं एक वाक्य चंदरसाठी जास्त खरं होतं.

अडचण

पहिल्या महिन्यातच पिल्लू तक्त्याच्या मागे पडलं. दर रविवारी मुलगा त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभा राहायचा, मग स्वतःचं वजन वजा करायचा. दर रविवारी तीन-चार किलो कमी. त्यात बरगड्या दिसायच्या. खुराक वाढत गेला. पिल्लांचं पाकीटबंद खाद्य तीन वेळा, रोज तीन अंडी, सकाळ-संध्याकाळ म्हशीचं दूध. त्यावर कॅल्शियमची बाटली, दिवसाला दोन चमचे. पुढे म्हशीसाठी आणलेलं खनिज मिश्रणही चमचाभर सुरू झालं.

इथे माझी चूक सांगायला हवी. फेब्रुवारीत सरांनी मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि विचारलं, "अशक्त वाटतं का?" मी एका बाळंत म्हशीपाशी उभा होतो. फोटो पाहिला, बरगड्या दिसल्या, लिहून टाकलं: "थोडं अंग भरायला हवं." ना वजन विचारलं, ना वय, ना काय खायला देताय हे. त्या घरात त्या चार शब्दांना डॉक्टरांच्या शिक्क्याचा मान मिळाला. तक्ता आणि डॉक्टर एकच सांगताहेत म्हटल्यावर आबांचं कोण ऐकणार? आबा पहिल्यापासून म्हणत होते की पिल्लू ठीक आहे.

मार्चच्या मध्यावर एका संध्याकाळी चंदरला घेऊन सगळे आले. दवाखान्यातल्या फरशीवर त्याला सोडला आणि मला लगेच दिसलं. पुढच्या पायांची मनगटं खाली बसली होती, पंजे सपाट होऊन बाहेरच्या बाजूला वळले होते. दोन पावलं टाकली की पाय घसरायचा आणि तो केविलवाणा होऊन खाली बसायचा. वजन ११ किलो ४०० ग्रॅम. विक्रेत्याच्या हिशेबाने वय पाच महिने.

घराचं निदान तयार होतं. वजन पाच किलो कमी, हाडं ठिसूळ, म्हणजे कॅल्शियम कमी पडतंय. औषधाच्या दुकानातून सल्ला मिळाला होता की बाटली दुप्पट करा, नाहीतर इंजेक्शन घ्या. सरांनी इंजेक्शन सोबतच आणलं होतं.

पहिला निर्णय: तोंड उघडून पाहणं

इंजेक्शन बाजूला ठेवून मी चंदरला खिडकीजवळ नेलं आणि ओठ वर केला. वरच्या पुढच्या दातांपैकी मधल्या दोन जोड्या पक्क्या होत्या, नुकत्या आलेल्या. नव्या पक्क्या दाताच्या धारेला तीन पाकळ्या असतात, पुढे झिजून त्या जातात. चंदरच्या दातांवर त्या अगदी कोऱ्या होत्या. कोपऱ्यातले दात मात्र अजून दुधाचे, सुईसारखे. चारही सुळे दुधाचे. दाढांच्या जागी पक्क्या दाढेचं टोकही नव्हतं.

पिल्लाचे पुढचे दात साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात बदलतात, सुळे पाचव्या-सहाव्यात. दातांवरून तारीख सांगता येत नाही, दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होतातच. पण हे तोंड पाच महिने पूर्ण झालेल्या पिल्लाचं वाटत नव्हतं. मला ते चार महिन्यांच्या आसपासचं वाटलं. म्हणजे ढाब्यावर घेतलं तेव्हा ते जेमतेम सहा आठवड्यांचं असणार. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्रीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. तिसरा महिना चालू असल्याचं विक्रेत्याने का सांगितलं, हे इथे कळतं.

तक्त्यात दोन गोष्टी लागतात, आडव्या ओळीत वय आणि उभ्या रकान्यात वजन. आपलं वयच चुकलेलं असेल तर तक्ता खरा असूनही उत्तर खोटं येतं. आणि या तक्त्याच्या खरेपणाचीही अजून खात्री झालेली नव्हती.

समोर असलेले पर्याय

इंजेक्शन देणं हा सगळ्यात सोपा पर्याय. मालकाला उपचार झाल्यासारखं वाटतं. आमच्या भागात कॅल्शियम कमी पडलेली पिल्लं मी पुष्कळ पाहिली आहेत. नुसतं दूध-भाकरी किंवा नुसतं मऊ मांस खाणाऱ्या पिल्लाची हाडं खरंच पातळ होतात. म्हणून हा विचार वेडगळ नव्हता. पण चंदरच्या ताटात पाकीटबंद खाद्य होतं, आणि त्या खाद्यात कॅल्शियम-फॉस्फरस मापून घातलेलं असतं, साधारण १.२ ते १.४ भाग कॅल्शियमला १ भाग फॉस्फरस. त्यावर बाटली, त्यावर म्हशीचं मिश्रण. मोठ्या वाढीच्या पिल्लांचा एक धोका असा की साधारण सहा महिन्यांपर्यंत त्यांच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही. पोटात जितकं जाईल त्याचा मोठा वाटा रक्तात उतरतो. ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या अभ्यासांतून हे नीट पुढे आलेलं आहे: जादा कॅल्शियमनेही हाडांची वाढ बिघडते.

दुसरा पर्याय पायांना लाकडी पट्ट्या बांधण्याचा. शेजारच्या गावात एकाने तसं करून पिल्लाच्या पायाला जखमा केल्या होत्या. तो मी लगेच सोडला.

तिसरा, पिल्लू परत करण्याचा. हे बाईंनी सुचवलं, रागाने आणि काळजीनेही. मुलगा गप्प बसला, पण त्याने चंदरचा पट्टा घट्ट धरलेला मला दिसला.

चौथा, आधी एक्स-रे, मग निर्णय. पाय वाकण्याची दोन उलट कारणं असू शकतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. अशा वेळी अंदाजाने सुई टोचणं म्हणजे जुगार. लातूरला जाणं, पाऊण दिवस, खर्च, हे सगळं सांगितलं. सर तयार झाले.

सोबत एक प्रश्न आला, तो सरांनी जाताना विचारला. "डॉक्टर, हे पश्मी तरी आहे का? डीएनए करून घेऊ का?" मी नको म्हणालो. तशा चाचण्यांत कुत्र्याची तुलना त्या कंपनीच्या साठ्यातल्या जातींशी होते. आपली जातच साठ्यात नसेल तर उत्तर जवळच्या परदेशी जातींच्या टक्केवारीत येतं आणि घरात नवा गोंधळ उभा राहतो. शिवाय पायांच्या उपचारासाठी त्या उत्तराचा काही उपयोग नव्हता.

काय केलं

एक्स-रेत हाडं दाट दिसली, वाढीच्या रेषा, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या जागा, उघड्या आणि जागेवर होत्या. ठिसूळपणाची खूण नव्हती. कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं सारखी वाढत होती. माझ्या मते हे मनगटाच्या ढिलेपणाचं प्रकरण होतं. भराभर वाढ, नको ती खनिजं आणि गुळगुळीत फरशी या तिघांनी मिळून ते घडवलेलं.

बाटली बंद, खनिज मिश्रण बंद, अंडी रोजची तीन होती ती आठवड्याला तीन. दूध हळूहळू तोडलं. पाकीटबंद खाद्य ठेवलं, पण मापून. घरातल्या गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरायला सांगितलं आणि दिवसातून चार वेळा अंगणाच्या मातीवर थोडं थोडं चालवायला. विष्ठा तपासली तर गोल जंतांची अंडी भरपूर. जंताचं औषध दिलं. लसीचं कार्ड विश्वास ठेवण्याजोगं नव्हतं, म्हणून लसीकरण पहिल्यापासून सुरू केलं.

मुलाला मी एक काम दिलं. तक्ता कुठून आला ते शोध.

त्याला दोन दिवस लागले, आणि जे सापडलं ते त्याने स्वतः मला दवाखान्यात आणून दाखवलं. 'कॅरव्हान हाउंड'च्या तक्त्यातले बाराही महिन्यांचे आकडे दुसऱ्या एका पानावर जसेच्या तसे होते. ते पान जर्मन शेफर्डचं होतं. आपण ज्याला अल्सेशियन म्हणतो तोच. तो आकार घ्या: जातीच्या मानकानुसार नर ३० ते ४० किलोचा. कारवान-पश्मी उंचीला त्याच्या तोडीचे असतात, पण अंगाने पळणाऱ्या कुत्र्याचे, बरेच हलके. कुणीतरी 'उंच भारतीय कुत्रा' म्हणून मोठ्या कुत्र्याचा तक्ता उचलून चिकटवला असणार, आणि तिथून तो पुढे चार ठिकाणी गेला. मुलाने ती चारही पानं काढून दाखवली. चार जण एकच गोष्ट सांगत होते, पण ती एकाच ठिकाणाहून आलेली. पुरावा एकच होता, आणि तोही दुसऱ्याच कुत्र्याचा.

नावांचाही यात वाटा आहे. केनेल क्लब ऑफ इंडियात ही जात कॅरव्हान हाउंड या नावाने नोंदली जाते, इंडियन नॅशनल केनेल क्लबमध्ये मुधोळ हाउंड म्हणून. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने देशी कुत्र्यांच्या जाती नोंदवायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या तीन नोंदींत राजापालयम आणि चिप्पीपारईसोबत मुधोळ हाउंड आहे. आमच्याकडे गावात कुणी हाउंड म्हणत नाही, कारवान म्हणतात आणि झालरवाल्याला पश्मी. एकाच रक्तगोताच्या कुत्र्याला तीन-चार नावं, आणि प्रत्येक नावाखाली वेगळ्या माणसाने भरलेला वेगळा आकडा. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळ हाउंडचं नाव घेतल्यावर लोकांची उत्सुकता वाढली. मागणी वाढली की माहितीही घाईने तयार होते.

छापील पुस्तकांना मी सोडत नाहीये. फॅरो हाउंड हा इजिप्तच्या फॅरो राजांच्या काळापासून जसाच्या तसा आलेला कुत्रा, असं कितीतरी पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं गेलं. २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ८५ जातींच्या ४१४ कुत्र्यांचा जनुकीय अभ्यास आला. त्यात फॅरो हाउंड आणि इबिझन हाउंड प्राचीन गटात बसलेच नाहीत. अलीकडच्या काळात घडवलेल्या जातींबरोबर ते निघाले. ग्रेट डेन डेन्मार्कचा नाही, जर्मनीचा. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडचे. आणि अल्सेशियन हे नाव पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' शब्द नकोसा झाला म्हणून आलेलं. पुस्तक जाड आहे, बांधणी चांगली आहे, म्हणून त्यातला प्रत्येक शब्द कुणी तपासलेला असतो असं नाही.

जानवळची वाट

एप्रिलमध्ये आम्ही चाकूर तालुक्यातल्या जानवळला गेलो. कारवान आणि पश्मीसाठी हे गाव आमच्या जिल्ह्यात ओळखलं जातं. एका वृद्ध गृहस्थांकडे तीन पिढ्यांची कुत्री होती. आबा त्यांना दुरून ओळखत होते, म्हणून चहा आधी आला आणि प्रश्न नंतर.

म्हाताऱ्यांनी चंदरला मातीत उभा केला. बरगड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवरून तळहात फिरवला, मग कमरेची दोन हाडं अंगठा आणि मधल्या बोटात धरली, मांडी चाचपली.

"बरगडी दिसनं म्हंजे उपाशी न्हाई, डॉक्टर," ते म्हणाले. "पाठीवर हात फिरवा. मणके टोचले की समजायचं उपाशी हाय. हे तर खाऊन-पिऊन सुखी हाय. उलटं जास्तच झालंय त्याला."

मला वाटलं, हे वाक्य मी कॉलेजात शिकलो होतो आणि फोटो पाहताना विसरलो. पळणाऱ्या कुत्र्यांची चरबी पाठीचे मणके, कमरेची हाडं आणि मांडीचा मांसल भाग यांवरून हाताने पाहायची असते. फोटोत हात फिरवता येत नाही.

त्यांच्या अंगणातल्या दोन जाणत्या नरांचं वजन आम्ही त्यांच्याच धान्याच्या काट्यावर केलं. एक २४ किलो, एक २६. दोन कुत्र्यांवरून जातीचं वजन ठरत नाही, हे मुलाला मी तिथेच सांगितलं. पण हे आकडे डोळ्यांसमोर घेतलेले होते, आणि ज्या कुत्र्यांचे घेतले ती समोर उभी होती.

त्याच ओसरीवर त्या म्हाताऱ्यांनी अजून तीन गोष्टी सांगितल्या. तोंडातला टाळा काळा असला तर कुत्रं अस्सल. पश्मीला जंत लागत नाहीत. रेबीजची सुई दिली की कुत्र्याचं नाक जातं, वास येत नाही. सर लिहून घेत होते. मला तिथे त्यांना थांबवणं भाग होतं. जंतांची अंडी मी मार्चमध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती, याच चंदरची. रेबीजच्या लसीने नाक जात नाही. रेबीज झाला तर मात्र कुत्रं जातं आणि चावलेला माणूसही, कारण लक्षणं दिसल्यावर त्यावर जवळपास उपायच उरत नाही. मी हे आदराने पण स्पष्ट सांगितलं. ते थोडे नाराज झाले. मग म्हणाले, "तुमचं तुमच्यापाशी, आमचं आमच्यापाशी." चहा मात्र दुसऱ्यांदा आला.

या भेटीने माझा एक समज बदलला. मी आधी माहिती देणाऱ्यांना क्रम लावायचो: पुस्तक वर, मोबाइल खाली, गावातला माणूस मधे कुठेतरी. त्या ओसरीवर एकाच माणसाने अंगकाठीबद्दल जे सांगितलं ते माझ्यासह सगळ्यांपेक्षा अचूक होतं, आणि आजारांबद्दल सांगितलं ते धोक्याचं. त्यांनी हात फिरवून जितकी कुत्री पाहिलीत तितकी मी जन्मात पाहणार नाही. पण जंताचं अंडं त्यांना कधी दिसलेलं नाही. तेव्हापासून कोण सांगतंय यापेक्षा मी हे विचारतो की ही एक गोष्ट याला कशी कळली असेल. काट्यावर, हाताने, सूक्ष्मदर्शकातून, की कुणाकडून ऐकून?

स्वभावाबद्दलचा गोंधळ

हा भाग पायांशी जोडलेला नाही, पण बाईंसाठी तोच मोठा होता. मुलाच्या वहीत एका ठिकाणी लिहिलं होतं की हा कुत्रा मुलांशी फार प्रेमळ, दुसरीकडे की परक्यांना फाडून खाईल, तिसरीकडे की शेळ्यांजवळ सोडूच नये. शेजारी शेळ्या होत्या.

२०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि २,००० हून अधिक कुत्र्यांची जनुकं पाहिली गेली. कुत्र्या-कुत्र्याच्या वागण्यात दिसणाऱ्या फरकांपैकी साधारण ९ टक्केच फरक जातीवरून सांगता आला. बाईंना मी सांगितलं, धावत्या वस्तूमागे पळण्याची ओढ या कुत्र्यात असणारच, पिढ्यानपिढ्या त्यासाठीच सांभाळलेला आहे. त्यामुळे शेळ्यांपाशी दोरी हातात ठेवा आणि आत्तापासून शेळ्या रोज दाखवा. प्रेमळ की रागीट हे मात्र चंदरकडे पाहूनच ठरवा. ससा किंवा काळवीट यांच्यामागे सोडण्याचा विचारही कुणी करू नये, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, हेही त्याच बैठकीत सांगून टाकलं.

परिणाम

सहा आठवड्यांत मनगटं उभी राहिली. उजवा पाय सरळ झाला. डावा पंजा अजूनही किंचित बाहेर वळतो. पळताना दिसत नाही, उभा असताना दिसतो. सहाव्या महिन्याच्या सुमारास, दातांवरून धरलेल्या वयाने, वजन १६ किलो होतं. वर्षाचा झाला तेव्हा २३. पहिल्या तक्त्याप्रमाणे तो तेव्हाही कित्येक किलोंनी कमीच होता.

मे महिन्यात विक्रेत्याने बऱ्याच फोननंतर आईचा पत्ता दिला. सर आणि मुलगा जाऊन आले. आईचं वजन २१ किलो भरलं, कानावर झालर आहे. मालक म्हणाला, पिल्लं दीड महिन्याची असताना उचलली गेली. दातांनी सांगितलं होतं तेच निघालं. मुलाने घरी येऊन वहीत आधीचा तक्ता खोडला नाही. त्यावर तिरकी रेघ मारून बाजूला लिहिलं, 'जर्मन शेफर्डचा.'

विक्रेत्याबद्दल तक्रार करायची का, यावर घरात दोन आठवडे चर्चा झाली. शेवटी केली नाही. मला ते पटलेलं नाही, कारण पुढची पिल्लंही ढाब्यावर अशीच दिली जात असतील. पण निर्णय त्यांचा होता.

काय वेगळं करता आलं असतं

घरच्यांना दोष देणं मला जमत नाही. त्यांनी वाचलं, लिहून ठेवलं, दर आठवड्याला वजन केलं. इतकं करणारे मालक मला वर्षात दोन-चार भेटतात. त्यांचं चुकलं ते आई न पाहता पिल्लू घेण्यात. आईला धान्याच्या काट्यावर उभी केली असती तर बाळाने किती व्हायचं याचा अंदाज कुठल्याही तक्त्यापेक्षा जवळचा मिळाला असता. मातीत कुत्री पाळलेल्या आबांना विचारलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी जानेवारीतच सांगितलं होतं की पिल्लाचं वय लहान वाटतंय. मला हे मार्चमध्ये कळलं, तेही दात पाहून झाल्यावर, बाहेर बाकावर बसून ते बोलले तेव्हा.

दुसरी गोष्ट मुलाला आता स्वतःलाच समजली आहे: वेगवेगळ्या पानांवर तोच आकडा, तेच वाक्य, तोच दशांश दिसला की एकाच पानाची नक्कल समजायची.

मोठी चूक माझी होती. फोटोवर दिलेलं ते उत्तर. फेब्रुवारीत मी तीन प्रश्न विचारले असते, वय कुणी सांगितलं, खायला काय काय देता, पाठीवर हात फिरवल्यावर मणके लागतात का, तर कॅल्शियमची बाटली पाच आठवडे आधी बंद झाली असती आणि डावा पंजा कदाचित पूर्ण सरळ राहिला असता. आता फोटोवर वजनाबद्दल मी काहीही सांगत नाही. केसपेपरवर वयाच्या रकान्यापुढे हाताने एक ओळ वाढवली आहे: 'वय कशावरून?' आणि त्याखाली, 'ही माहिती कुठे वाचली किंवा कुणी सांगितली?' लोक आधी जरा बिचकतात, मग मोबाइल पुढे करतात, आणि आम्ही दोघं मिळून ते पान वाचतो.

गेल्या महिन्यात सर आणि मुलगा चंदरला लसीसाठी घेऊन आले होते. वजन २४ किलो ३००. बरगड्या दिसत होत्या. बाकावर बसलेल्या एका बाईंनी हळहळून विचारलं, "काही खायला देत नाही का हो याला?" मुलाने त्यांचा हात धरून चंदरच्या पाठीवर ठेवला.